सुमनअक्का नसलेली रात्र

'सैराट'चा शेवट सगळ्यांना आठवतो. 'झिंगाट' आठवतं, विहीर आठवते, ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी आर्ची आठवते. हैदराबादमधल्या त्या रात्रीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. पळून आलेली आर्ची आणि परश्या परक्या शहरात उघड्यावर आहेत, भाषा येत नाही, जायला ठिकाण नाही. काही पुरुष येतात, चौकशी करतात, पोलिसांचं नाव पुढे करून त्यांना सोबत घेऊन जातात. मग परश्याला मार पडतो आणि आर्ची त्यांच्या तावडीत सापडते. तेवढ्यात झोपडपट्टीतली सुमनअक्का धावून येते. छाया कदम यांनी केलेली ही भूमिका. अक्का येते, त्या माणसांना हाकलते, दोघांना खोली देते, काम बघून देते. प्रेक्षकाचा अडकलेला श्वास सुटतो आणि गोष्ट पुढे सरकते.

सनल कुमार शशिधरन या मल्याळी दिग्दर्शकाचा 'सेक्सी दुर्गा' म्हणजे एवढीच रात्र, जवळपास दीड तास ताणलेली. फरक एकच, सुमनअक्का येत नाही.

केरळमधला एक सामसूम रस्ता. एक मुलगी आणि एक मुलगा घाईघाईने चालले आहेत. त्यांना रेल्वे स्टेशन गाठायचं आहे, तिथून गाडी पकडून लांब कुठेतरी जायचं आहे. एक मारुती ओम्नी थांबते. आत दोन पुरुष आहेत. स्टेशनपर्यंत सोडतो म्हणतात. दोघं बसतात. गाडीतली माणसं शस्त्रांची ने-आण करणारी आहेत हे थोड्या वेळाने कळतं, पण भीती त्या शस्त्रांची वाटत नाही, त्यांच्या बोलण्याची वाटते. कुठून आलात, कुठे चाललात, नवरा-बायको का, घाबरताय कशाला, आम्ही आहोत ना. दोघं कशीबशी उतरतात. रस्त्यावर आणखी माणसं भेटतात, तीही हेच प्रश्न विचारतात. मग तीच ओम्नी परत येते आणि ती परत बसतात, कारण बाहेरचा अंधार आतल्यापेक्षा बरा नाही. चढणं-उतरणं असं चालूच राहतं. पोलिसही भेटतात. पोलिस दिसल्यावर आपल्याला जे वाटायला हवं ते वाटत नाही, इथेच दिग्दर्शकाने डाव जिंकलेला असतो.

या सगळ्यात कुणी कुणाचा खून करत नाही. बलात्कार होत नाही. चुंबन नाही, उघडं अंग नाही. नावावरून काही वेगळं अपेक्षून आलेल्या प्रेक्षकाची घोर निराशा व्हावी इतका हा सोवळा चित्रपट आहे. तरीही मध्येच पाणी प्यायला उठावंसं वाटतं. आता काहीतरी होणार, आता होणार, असं वाटत राहतं आणि होत काहीच नाही. झालं असतं तर एकदाचे सुटलो असतो.

ही दोघं कोण, भेटली कशी, घरच्यांनी काय केलं, यातलं काहीही चित्रपट सांगत नाही. मुलगी उत्तरेकडची, हिंदी बोलणारी आहे हे कळतं. मुलगा इथलाच. तिचं नाव दुर्गा, त्याचं कबीर. बाकीची कथा आपणच रचतो. दोन नावं ऐकली की धर्म कळला, धर्म कळला की पळण्याचं कारण कळलं, घरी काय रामायण झालं असेल तेही कळलं. दिग्दर्शकाने पटकथेचं अर्धं काम प्रेक्षकाच्या पूर्वग्रहांवर सोपवलं आहे आणि ते काम आपण अगदी चोख करतो. मला या चित्रपटातली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच वाटते.

पळणाऱ्या प्रेमिकांचे चित्रपट जगात काही कमी नाहीत. निकोलस रे यांचा 'दे लिव्ह बाय नाइट', आर्थर पेन यांचा 1967 चा 'बॉनी अँड क्लाइड', टेरेन्स मॅलिक यांचा 1973 चा 'बॅडलँड्स', ही या प्रकारातली मानाची नावं. त्यातली जोडपी दरोडे घालतात, माणसं मारतात, म्हणून पोलिस मागे लागतात. जोसेफ एच. लुईस यांच्या 1950 मधल्या 'गन क्रेझी' या कमी खर्चातल्या चित्रपटात बँक लुटण्याचा एक गाजलेला प्रसंग आहे. कॅमेरा मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवला आहे, तो बँकेत जातच नाही. एकाच शॉटमध्ये जोडपं गप्पा मारत गावात येतं, जागा शोधून गाडी लावतं, लूट होते आणि गाडी सुसाट निघते. पुढच्या सीटवरची दोघं थरारलेली आहेत, आनंदात आहेत, स्टिअरिंग त्यांच्या हातात आहे.

'सेक्सी दुर्गा'तलं जोडपं मागे बसलेलं आहे. स्टिअरिंग दुसऱ्यांच्या हातात, रस्ता दुसऱ्यांच्या ओळखीचा, दरवाजा कधी उघडायचा हे ठरवणारे दुसरे. अमेरिकन जोडपं गुन्हा करून पळतं, आपल्याकडे पळणं हाच गुन्हा असतो. तिकडच्या चित्रपटांत रस्ता म्हणजे मोकळीक. इथे रस्ता म्हणजे वस्तीचंच लांबलेलं अंगण, तिथेही प्रत्येकाला विचारायचा हक्क आहे की तुम्ही कोण.

शशिधरन शिक्षणाने वकील. 2001 मध्ये त्यांनी मित्रांबरोबर 'काळ्च चलच्चित्र वेदी' नावाची चित्रपटमंडळी सुरू केली. त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट 'ओरालप्पोक्कम' (2014) लोकवर्गणीतून झाला. चित्रपटगृहं मिळण्याची खात्री नव्हती, तेव्हा 'सिनेमा वंडी' म्हणजे सिनेमाची गाडी काढून तो केरळभर दाखवला गेला. आपल्याकडे तंबू थिएटरची परंपरा सांगताना गळा दाटून येणारे पुष्कळ आहेत, पण स्वतःचा नवा चित्रपट गाडीत घालून गावोगाव न्यायची तयारी किती जणांची असते? त्या चित्रपटासाठी शशिधरन यांना केरळ राज्याचा सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षीच्या 'ओळिवुदिवसत्ते कळी'ला राज्याचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. निवडणुकीच्या सुट्टीत दारू प्यायला जंगलात गेलेले पाच मित्र आणि त्यांच्या खेळातून वर येणारी जात, असा त्याचा विषय. दारू चढत जाते तसे सभ्य पुरुष कसे बोलू लागतात याचा या माणसाला भारी कान आहे. 'सेक्सी दुर्गा'त तोच कान ओम्नीत बसला आहे.

या चित्रपटाला लिखित पटकथा नव्हती. प्रसंगाची चौकट ठरलेली, संवाद नटांनी जागेवर उभे करायचे. छायाचित्रण प्रताप जोसेफ यांचं. शॉट लांबलचक, सगळा चित्रपट रात्रीचा, उजेड बहुतेक रस्त्यावरच्या दिव्यांचा आणि गाडीचा. पैसे कमी असताना रात्रीचं चित्रण डोक्याला ताप असतो, हे कोणताही निर्मितीप्रमुख सांगेल. उजेड विकत आणावा लागतो आणि तो महाग असतो. इथे तो न आणण्यातून चित्रपटाचं रूप घडलं आहे. चेहरे अर्धवट दिसतात, मागच्या सीटवर काय चाललंय ते नीट कळत नाही, आणि समोरून गाडी आली की क्षणभर सगळं उघडं पडतं. अडचणीची शैली झाली, असं म्हणायची हल्ली फॅशन आहे, पण इथे ते खरं आहे.

सगळंच जमलंय असं मात्र नाही. चित्रपट सुरू होतो गरुडन तूक्कम या विधीच्या चित्रणाने. काली मंदिरातल्या उत्सवात पुरुष अंगाच्या कातडीत आकडे टोचून घेतात आणि गरुडासारखे अधांतरी लटकतात. हे चित्रण माहितीपटासारखं, खरंखुरं आहे. चित्रपटात रक्त दिसतं ते एवढंच, आणि ते देवीच्या नावाने सांडलेलं. ही दृश्यं रस्त्यावरच्या गोष्टीत अधूनमधून येत राहतात. एकीकडे देवीसाठी रक्त सांडणारे पुरुष, दुसरीकडे रात्री एकट्या सापडलेल्या दुर्गेभोवती घोंगावणारे पुरुष. मुद्दा पहिल्याच खेपेला पोचतो. तिसऱ्यांदा पोचवायला लागलं की दिग्दर्शकाला प्रेक्षकाचा भरवसा नाही असं वाटू लागतं, आणि ज्याने नावांच्या बाबतीत प्रेक्षकावर इतकं सोडलं त्याने इथे हात आखडता घ्यायला हवा होता.

दुसरी तक्रार दुर्गेबद्दल. ती जवळजवळ बोलतच नाही. भाषा येत नाही हे कारण पटतं, पण ती काय विचार करते, कबीरवर तिचा किती विश्वास आहे, पळायचं तिने ठरवलं की त्याने, याचा मागमूस नाही. आर्चीकडे निदान स्वतःचा आवाज होता, मराठीत कळत नसेल तर इंग्लिशमध्ये सांगण्याची धमक होती. दुर्गेला सोसणं तेवढं दिलं आहे.

ही दुर्गा आपल्याकडची आहे. राजश्री देशपांडे औरंगाबादच्या, आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं, शिक्षण पुण्यात कायद्याचं. त्याआधी त्या पॅन नलिन यांच्या 'अँग्री इंडियन गॉडेसेस'मध्ये दिसल्या होत्या. पुढे 'सेक्रेड गेम्स'मधली सुभद्रा त्यांनी केली, आणि उपहार चित्रपटगृहाच्या आगीवरच्या 'ट्रायल बाय फायर'मधली नीलम कृष्णमूर्ती. मराठवाड्यातल्या पांढरी गावात पाण्याचं काम करणारी बाई म्हणूनही त्या अनेकांना माहीत आहेत. 'सेक्सी दुर्गा'त त्यांच्याकडे संवाद नाहीत, तेव्हा सगळं मानेवर, खांद्यांवर आणि हातांवर आहे. पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळला की त्या किती सरकतात एवढं पाहत राहिलं तरी अभिनयाचा एक धडा होतो. कबीर झालेले कण्णन नायर यांचं कामही त्याच तोडीचं, धीर देणाऱ्याचाच धीर सुटत चालल्याचं.

2017 च्या सुरुवातीला रॉटरडॅमच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला टायगर पुरस्कार मिळाला. या महोत्सवाचा हा सर्वोच्च सन्मान, रक्कम 40,000 युरो, आणि तो मिळवणारा हा पहिला भारतीय चित्रपट. बातमी इकडे आली ती नावासकट. चित्रपट कुणीच पाहिलेला नव्हता, पण नाव सगळ्यांनी वाचलं. समाजमाध्यमांवर दिग्दर्शकाला धमक्या येऊ लागल्या. हा चित्रपट देवीवर नाही, दुर्गा हे आपल्याकडे घरोघरी सापडणारं बाईचं नाव आहे, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

त्या वर्षी मुंबईच्या मामी महोत्सवात चित्रपट दाखवायचा होता. महोत्सवात दाखवायच्या चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट देण्याची पद्धत आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाने ही सूट नाकारली. धार्मिक भावना दुखावतील, कायदा-सुव्यवस्था बिघडेल, अशी कारणं दिली गेली. मग चित्रपट सेन्सॉर बोर्डाकडे गेला. नाव 'एस दुर्गा' झालं, 21 ठिकाणी आवाज बंद करायला लागला आणि यू/ए प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे पालकांनी सोबत बसवून लहान मुलांनाही दाखवावा इतपत तो निर्धोक ठरला. शिव्या मात्र गेल्या. ज्या चित्रपटात भीती सगळी बोलण्यातून येते, त्यातलं बोलणं मधूनमधून नाहीसं झालं.

पुढचा मुक्काम गोवा. नोव्हेंबर 2017 च्या इफ्फीसाठी, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी, इंडियन पॅनोरमाचे चित्रपट निवडणाऱ्या 13 जणांच्या ज्युरीचे अध्यक्ष होते दिग्दर्शक सुजॉय घोष. त्यांनी निवडलेल्या चित्रपटांत 'एस दुर्गा' होता. उद्घाटनाचा मान त्यांनी रवी जाधव यांच्या मराठी 'न्यूड'ला दिला होता. मंत्रालयाने यादी जाहीर केली तेव्हा हे दोन्ही चित्रपट तिच्यात नव्हते. ज्युरीला विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. घोष यांनी अध्यक्षपद सोडलं. अपूर्व असरानी आणि ग्यान कोरिया हे सदस्यही बाहेर पडले. उद्घाटनाला विनोद कापरींचा 'पिहू' आला. 'न्यूड'ला तोवर सेन्सॉर प्रमाणपत्र नाही, हे कारण पुढे करण्यात आलं. 'एस दुर्गा'कडे प्रमाणपत्र होतं.

मराठीसाठी तो महोत्सव एरवी कौतुकाचा होता. 'कच्चा लिंबू', 'मुरांबा', 'क्षितिज', 'रेडू' असे चित्रपट पॅनोरमात होते. 'न्यूड' काढला म्हणून बाकीच्यांनी बहिष्कार टाकावा का, यावर खूप बोलणं झालं. शेवटी मराठी चित्रपट दाखवले गेले. नवख्या दिग्दर्शकाला इफ्फीचा पडदा किती वर्षांनी मिळतो हे ठाऊक असल्यामुळे मी त्यांना दोष देणार नाही. पण एका गोष्टीची चुटपुट लागते. मराठी वर्तमानपत्रांत त्या पंधरवड्यात 'न्यूड'बद्दल जितकं लिहून आलं, त्याच्या तुलनेत त्याच यादीतून गळालेला मल्याळम चित्रपट कशाबद्दल आहे हे सांगणारं फारच थोडं. नायिका मराठी असूनही.

शशिधरन केरळ उच्च न्यायालयात गेले. महोत्सव 20 तारखेला सुरू झाला आणि 21 नोव्हेंबरला न्यायालयाने आदेश दिला की प्रमाणित आवृत्ती महोत्सवात दाखवा. केंद्राने अपील केलं, खंडपीठाने स्थगिती नाकारली. मग 27 तारखेला पणजीत ज्युरीला चित्रपट पुन्हा दाखवण्यात आला. सदस्यांपैकी बहुतेकांनी पुन्हा चित्रपटाच्याच बाजूने मत दिल्याचं बाहेर आलं. 28 तारीख हा महोत्सवाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी सेन्सॉर बोर्डाने कळवलं की चित्रपटाचं प्रमाणपत्र आता लागू नाही, पुन्हा तपासणी व्हायला हवी. कारण काय, तर पडद्यावरच्या शीर्षकात 'एस' आणि 'दुर्गा' यांच्यामध्ये काही चौकटीची चिन्हं दिसतात आणि त्यांतून काढून टाकलेला शब्द सूचित होतो. संध्याकाळी समारोप झाला. न्यायालयाचा आदेश होता, ज्युरीचा कौल होता, चित्रपट पणजीतच होता, आणि तो दाखवला गेला नाही.

तो महिना आठवा. 'पद्मावती' या चित्रपटावरून देशभर रान पेटलं होतं. त्या गदारोळात या छोट्या चित्रपटाची फरफट वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर गेली. पणजीत ज्युरी अंधारात बसून कबीर आणि दुर्गेला दुसऱ्यांदा पाहत होती, त्याच 27 नोव्हेंबरला दिल्लीत सर्वोच्च न्यायालयासमोर केरळची एक मुलगी उभी होती. हादिया. धर्म बदलून तिने शफीन जहाँशी केलेलं लग्न केरळ उच्च न्यायालयाने मे महिन्यात रद्द ठरवलं होतं आणि तिला आई-वडिलांच्या ताब्यात दिलं होतं. मला माझं स्वातंत्र्य हवं, असं तिने न्यायाधीशांना सांगितलं. न्यायालयाने तिला शिक्षण पुरं करायला कॉलेजात पाठवलं, आणि 8 मार्च 2018 ला तिचं लग्न वैध ठरवलं. म्हणजे एका सज्ञान बाईचं लग्न तिचं आहे, हे ठरायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

केरळ म्हटलं की आपण साक्षरतेचे आकडे सांगतो. त्याच केरळमध्ये मे 2018 मध्ये केविन जोसेफ या दलित ख्रिस्ती तरुणाचा मृतदेह सापडला. प्रेमविवाहासाठी त्याने बायकोच्या घरच्यांचा राग ओढवून घेतला होता. कोट्टायममधून त्याला उचलून नेणाऱ्यांत तिचा सख्खा भाऊ होता. 2019 मध्ये न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवलं आणि ही 'ऑनर किलिंग' असल्याचं म्हटलं. केविन आणि त्याची बायको दोघंही ख्रिस्तीच, तरी जात आडवी आली.

आपलंही फार वेगळं नाही. पळून जाऊन लग्न करणाऱ्यांचं आपल्याकडचं ठिकाण ठरलेलं आहे, आळंदी. तिथे देव, गुरुजी, हार, फोटो, सगळं झटपट मिळतं. पण ते जोडपं एकाच धर्मातलं असेल तर. वेगवेगळ्या धर्मांतल्या दोघांना धर्म न बदलता लग्न करायचं तर 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते. पळणाऱ्यांना महिनाभर एका जागी थांबायला आणि आपली नावं-पत्ते भिंतीवर लावायला सांगणारी ही तरतूद आहे. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. ओम्नी थांबवणाऱ्यांनीही स्टेशनवर सोडतो असंच सांगितलं होतं.

डिसेंबर 2022 मध्ये, वसईच्या श्रद्धा वालकरच्या हत्येनंतर, महाराष्ट्र सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी परिवार समन्वय समिती नेमली. टीका झाल्यावर दोनच दिवसांत 'आंतरजातीय' वगळलं, आंतरधर्मीय ठेवलं. अशा लग्नांची, पळून जाऊन केलेल्या लग्नांचीसुद्धा, माहिती घ्यायची आणि मुलींचा माहेराशी संबंध आहे की नाही ते बघायचं, असं तिचं काम. मुलींच्या भल्यासाठीच. तुम्ही कोण, कुठून आलात, घरच्यांना माहीत आहे का, हे प्रश्न आता सरकारी कागदावर आले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात नेमकं उलटं सांगितलं होतं. अशा जोडप्यांना संरक्षण द्या, त्यांच्यासाठी सुरक्षित निवारे उभारा, दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खाप पंचायतीने किंवा कुणीही पडायचं कारण नाही. महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यात निवारे सुरू करण्याचा सरकारी आदेश यायला 2024 चा डिसेंबर उजाडला. तोवर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी साताऱ्याकडे असा निवारा आपल्या बळावर उभा केला होता. सुमनअक्का असतात, पण त्या सरकारी खर्चाने येत नाहीत.

'न्यूड'ला जानेवारी 2018 मध्ये एकही कट न लावता 'ए' प्रमाणपत्र मिळालं आणि एप्रिलमध्ये तो चित्रपटगृहांत आला. घरातल्या जाचाला कंटाळून मुंबईला पळालेली आणि जे.जे.मध्ये चित्रकारांसमोर बसणारी यमुना कल्याणी मुळे यांनी केली. तिला आसरा आणि काम देणाऱ्या बाईच्या भूमिकेत पुन्हा छाया कदमच आहेत. शशिधरन यांनी डिसेंबर 2017 मध्ये तिरुवनंतपुरमला स्वतःचाच एक छोटा महोत्सव भरवला. पुन्हा तपासणी होऊन 'एस दुर्गा'ही 2018 मध्ये केरळात प्रदर्शित झाला, अर्थात लहान प्रमाणात. महाराष्ट्रात तो कुणी पाहिला म्हणावा तर महोत्सवांत फिरणारी मोजकी माणसं.

मुंबईचं प्रभात चित्र मंडळ, पुण्याचा आशय फिल्म क्लब, आणि नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर, नागपूर इथे चित्रपट-मंडळं चालवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. 'एस दुर्गा'वर आज बंदी नाही. एका संध्याकाळी 'न्यूड' आणि तो लागोपाठ दाखवा, आधी 'न्यूड', मग 'एस दुर्गा'. पणजीच्या यादीतून दोघांची नावं एकाच दिवशी कापली गेली होती, निदान पडद्यावर ती एकत्र येऊ द्या. राजश्री देशपांडे यांनाही बोलवा. शेवटचा खेळ उशिरा संपेल, तेव्हा प्रेक्षकांची घरी जायची सोय आधी बघून ठेवा.